समाजभवनाची किल्ली कोणाकडे?

गेल्या तीन-चार दशकांत महाराष्ट्रातील बहुतेक बौद्ध वस्त्यांना एक वास्तू मिळाली. कोठे तिला समाजमंदिर म्हणतात, कोठे सांस्कृतिक भवन, कोठे बुद्धविहार, तर कोठे नुसताच 'हॉल'. चार भिंती, वर स्लॅब, दर्शनी भागावर निळी अक्षरे आणि प्रवेशद्वारापाशी ज्यांच्या निधीतून बांधकाम झाले त्या लोकप्रतिनिधींच्या नावाची संगमरवरी पाटी, असे तिचे साधारण स्वरूप असते. ही वास्तू मिळविण्यासाठी समाजाने अर्ज केले, मोर्चे काढले, ग्रामसभा गाजविल्या. मात्र वास्तू मिळाल्यानंतर तिच्यात रोज काय चालावे आणि त्याचा खर्च कोणी उचलावा, या दोन प्रश्नांचा विचार त्याच जिद्दीने झाला असे आम्हांस दिसत नाही. प्रस्तुत लेखात याच दोन प्रश्नांविषयी आमचे मत आम्ही मांडणार आहोत. ते थोडक्यात असे : भवनाच्या भिंती शासनाच्या पैशातून उभ्या राहाव्यात, तो आपला हक्क आहे, पण भवनातील कार्य समाजाने आपल्या नियमित वर्गणीवर चालवावे आणि त्या पैशाचा हिशेब सर्वांना दिसेल असा ठेवावा. ज्याच्या पैशावर दिवाबत्ती चालते, त्याच्याच हाती अखेर किल्ली राहते.

आपल्या समाजाला हक्काची बसण्याची जागा किती उशिरा मिळाली, याचे स्मरण नव्या पिढीला असणे आवश्यक आहे. गावगाड्यात चावडी होती, देऊळ होते, पार होता. परंतु चावडीवर आपला माणूस जात असे तो गावकीच्या कामाचा हुकूम ऐकण्यासाठी; देवळाची पायरी त्याला वर्ज्य होती. महारवाड्याचा स्वतःचा तक्क्या असे. तेथे पंचायत बसे, पाहुणा उतरे, रात्री भजन होई. तो तक्क्या हेच आपले पहिले सांस्कृतिक केंद्र होय. पण ते गावाच्या सीमेबाहेरचे आणि गावाच्या मर्जीवरचे होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला दुसरी परिषद भरविण्याचे ठरले तेव्हा मंडपासाठी जागा मिळेना. अखेर फत्तेखान नावाच्या एका मुस्लिम गृहस्थाने आपली जागा दिली आणि तेथे मनुस्मृतीचे दहन झाले. एवढ्या मोठ्या चळवळीलाही उभे राहण्यासाठी दुसऱ्याची जमीन मागावी लागली, हा इतिहास आहे. जागा असणे ही म्हणूनच आपल्यासाठी केवळ सोयीची बाब नाही, ती स्वाभिमानाची बाब आहे.

बाबासाहेबांना हे फार लवकर उमगले होते. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली. सभेची कचेरी परळच्या दामोदर हॉलमध्ये होती. तीही समाजाच्या मालकीची नव्हे, कामगारांत कार्य करणाऱ्या सोशल सर्व्हिस लीगची वास्तू होती. या सभेचे उद्देश आजही मुळातून वाचण्यासारखे आहेत. वसतिगृहे काढून शिक्षणाचा प्रसार करणे हा पहिला. ग्रंथालये, सामाजिक केंद्रे आणि अभ्यासवर्ग काढून संस्कृतीचा प्रसार करणे हा दुसरा. औद्योगिक व शेतकी शाळा काढून आर्थिक स्थिती सुधारणे हा तिसरा. गाऱ्हाणी सरकारदरबारी मांडणे त्यानंतर येते. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी, पोटाची भ्रांत असलेल्या समाजासाठी कार्यक्रम आखताना, सामाजिक केंद्र ही चैन आहे असे बाबासाहेबांना वाटले नाही. त्यांनी ते शिक्षणाच्या शेजारी आणि भाकरीच्या आधी ठेवले.

आणि हे कागदावरच राहिले नाही. ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूरला वसतिगृह सुरू झाले. तेथील विद्यार्थ्यांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक चालविले. मुंबईत सभेने मोफत वाचनालय काढले आणि तरुणांना जुगार-दारूपासून दूर ठेवण्यासाठी हॉकीचा संघ उभा केला. खर्चाचा भार कोणी उचलला? सोलापूरच्या नगरपालिकेने वसतिगृहाला दरमहा अनुदान दिले, काही सधन हितचिंतकांनी साहाय्य केले आणि समाजाने वर्गणी दिली. सार्वजनिक संस्थेचा पैसा घेण्यात बाबासाहेबांनी कमीपणा मानला नाही. मात्र कार्याची सूत्रे कधी देणाऱ्याच्या हाती जाऊ दिली नाहीत.

सामाजिक केंद्र ही कल्पना त्यांच्या मनात कोठून आली असावी? बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. तेथील त्यांचे गुरू जॉन ड्युई यांनी १९०२ मध्येच शाळा हे सामाजिक केंद्र व्हावे असा विचार मांडला होता. शाळेची वास्तू संध्याकाळनंतर बंद पडून राहू नये. प्रौढांनी, कामगारांनी, परक्या मुलखातून आलेल्या लोकांनी तेथे यावे, विचारांची देवाणघेवाण करावी, असा त्या विचाराचा आशय होता. १९२४ च्या उद्देशपत्रिकेतील सामाजिक केंद्रामागे या शिकवणीची छाया असावी, असे आम्हांस वाटते.

दुसरा स्रोत याहून जुना आहे. अनाथपिंडिकाने जेतवनाची भूमी सुवर्णमुद्रा अंथरून घेतली, ही कथा आपण मुलांना सांगतो. ती दानाची कथा म्हणून सांगतो. पण ती जागेचीही कथा आहे. तथागतांनी वज्जींच्या अभ्युदयाची जी सात कारणे सांगितली, त्यांत पहिलीच दोन अशी आहेत की ते वारंवार एकत्र जमतात, एकदिलाने बसतात व एकदिलाने उठतात. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढील अखेरच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्खूसंघाचाच दाखला दिला. बैठकीची व्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतदान यांचे नियम संघाला ठाऊक होते, असे त्यांनी देशाला सांगितले. याचा अर्थ विहार ही पूजेची खोली नसून सभेची जागा होती. जेथे माणसे समान आसनावर बसून ठराव करतात, तेथेच लोकशाही शिकली जाते. आमच्या मते वस्तीतील समाजभवनाचे खरे प्रयोजन हेच होय.

आता आजचे चित्र पाहू. अध्यापनाच्या व व्याख्यानांच्या निमित्ताने आमचे अनेक गावी जाणे होते. बहुतेक ठिकाणी भवनाला कुलूप आढळते. किल्ली कोणाकडे, असे विचारले तर तीन नावे सांगितली जातात आणि तिघेही गावी नसतात. कुलूप उघडलेच तर आत मंडपाचे बांबू, लग्नाची भांडी, मागच्या जयंतीचा फलक, कोणाच्या तरी घराच्या बांधकामाची सिमेंटची पोती. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असते. तिच्या खालचे ग्रंथांचे कपाट वाळवीने खाल्लेले असते. वर्षातून १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, ६ डिसेंबर आणि लग्नसराईतील काही दिवस एवढेच त्या वास्तूचे आयुष्य. उरलेले सर्व दिवस स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी एका खोलीच्या घरात, टीव्हीच्या आवाजात, आईच्या चुलीशेजारी बसून वाचते आणि तिच्या घरापासून पन्नास पावलांवर पाचशे चौरस फुटांची वास्तू अंधारात उभी असते. हा आमच्या चिंतेचा विषय आहे. नुकसान भिंतींचे नाही, त्या मुलीचे आहे.

याउलट चित्रही आम्ही पाहिले आहे. एका गावी एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक रोज सायंकाळी सहाला विहार उघडतात आणि रात्री दहाला बंद करतात. ते काही भाषण करीत नाहीत. झाडून घेतात, दोन वर्तमानपत्रे टेबलावर ठेवतात, पंखा लावतात. एवढ्यावर तेथे पंधरा-वीस मुले रोज अभ्यासाला बसतात. वर्षावासात त्याच ठिकाणी उपासिका 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन करतात; ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा दोन वृद्धा ऐकता ऐकता वाचू लागल्या. त्या वास्तूवर कोणताही विशेष खर्च झालेला नाही. फरक एवढाच की तेथे रोज कुलूप उघडणारा माणूस आहे.

असा माणूस सर्वत्र का नाही, याचे कारण केवळ आपल्या उदासीनतेत नाही. निधीच्या रचनेतही आहे. वस्तीत समाजमंदिर येते ते अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्ती विकासाच्या योजनेतून, आमदार निधीतून किंवा १९९३ मध्ये सुरू झालेल्या खासदार स्थानिक विकास निधीतून. खासदार निधीच्या नियमांत १५ टक्के रक्कम अनुसूचित जातींच्या वस्तीसाठी असावी असे सांगितले आहे. पण हा निधी टिकाऊ मालमत्ता निर्माण करण्यासाठी असतो. ग्रंथपालाचे मानधन, वीजबिल, वर्तमानपत्रे, झाडलोट असा आवर्ती खर्च त्यातून करता येत नाही. म्हणजे शासन घर बांधून देते; घरात चूल पेटविण्याची तरतूद मात्र करीत नाही. शिवाय भिंतीचे उद्‌घाटन होते, पाटी लागते, छायाचित्र छापून येते. ग्रंथपालाच्या मानधनाचे उद्‌घाटन होत नाही. म्हणून एकाच वस्तीत जुन्या भवनाला गळती लागलेली असताना शेजारी दुसऱ्या भवनाचे भूमिपूजन होते आणि वस्ती दोन गटांत विभागली जाते. वास्तू समाजाला जोडण्यासाठी होती, हे दोन्ही गट विसरतात.

या पाटीविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. लोकप्रतिनिधीचा निधी हा त्यांच्या घरचा पैसा नव्हे. काडीपेटीपासून मोबाइलपर्यंत प्रत्येक खरेदीवर कर भरणाऱ्या शेतमजुराचा तो पैसा आहे. त्यासाठी आभार मानावेत, सौजन्य म्हणून मानावेत. पण मत गहाण ठेवण्याचे कारण नाही. ज्या भवनात निवडणुकीच्या हंगामात एकाच पक्षाची सभा होऊ शकते आणि दुसऱ्याला किल्ली मिळत नाही, ते भवन समाजाचे राहिलेले नसते.

येथे पहिला आक्षेप येतो : आपला समाज गरीब आहे, तो वर्गणी कोठून देणार? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. ज्याच्या घरी उद्याची मजुरी अनिश्चित आहे त्याच्याकडे पावतीपुस्तक घेऊन जाताना कोणाचेही पाऊल अडखळावे. परंतु इतिहास काय सांगतो? १९२० मध्ये 'मूकनायक' निघाले ते शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांच्या आधाराने. १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. ३ फेब्रुवारी १९२८ च्या अंकात बाबासाहेबांनी, बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय, अशा अर्थाच्या मथळ्याचा अग्रलेख लिहून समाजालाच हिशेब विचारला. एकहाती लिहिणारा संपादक, तुटपुंजी वर्गणी. अखेर १९२९ मध्ये पत्र बंद पडले. एका मोठ्या दात्यावर पत्र सुरू होते, पण शेकडो लहान दात्यांवाचून ते टिकत नाही, हा त्यातला धडा आहे. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी नागपूरला बोलताना बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यावा असे सांगितले. ते ऐकणारे लोक आपल्याहून कितीतरी गरीब होते.

हिशेब मांडून पाहू. समजा, वस्तीत साठ घरे आहेत. विसावा हिस्सा तर दूरच. प्रत्येक घराने महिन्याला पन्नास रुपये दिले तर महिन्याचे तीन हजार आणि वर्षाचे छत्तीस हजार रुपये होतात. ज्यांना शक्य नाही त्यांची दहा घरे वगळली तरी तीस हजार उरतात. वीजबिल, दोन वर्तमानपत्रे, एक मासिक, झाडलोट आणि सायंकाळी चार तास बसणाऱ्या एखाद्या गरजू पदवीधर मुलाला अल्प मानधन, एवढे त्यात बेताने का होईना बसते. त्या तुलनेत जयंतीच्या एका रात्रीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंतीवर वस्ती किती खर्च करते, हे प्रत्येकाने आपल्या गावी विचारून पाहावे. जयंतीच्या उत्साहाला आमचा विरोध नाही. तो दिवस आपल्या मुक्तीचा उत्सव आहे. पण एका रात्रीसाठी जो पैसा जमतो तो बारा महिन्यांच्या दिव्यासाठी जमत नाही, असे कोणी सांगितले तर ते गरिबीचे कारण म्हणून आम्हांस पटत नाही.

दुसरा आक्षेप याच्या उलट दिशेचा आहे. शासनाने सर्वच खर्च द्यावा. वर्गणीची भाषा म्हणजे शासनाला जबाबदारीतून मोकळे करणे होय, असे काही कार्यकर्ते म्हणतात. हक्काचा एकही रुपया सोडावा, असे आम्ही म्हणत नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करावयाची असते; ती कोठे गेली, हे ग्रामसभेत उभे राहून विचारण्याचा अधिकार प्रत्येक ग्रामस्थाला आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ पासून अस्तित्वात आहे आणि अ, ब, क, ड अशा वर्गांतील मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अनुदान मिळते. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीच्या यादीतही सार्वजनिक ग्रंथालयांचा समावेश आहे. हे सर्व मागितलेच पाहिजे. परंतु मागण्यासाठी आधी चालू असलेले काही तरी दाखवावे लागते : ग्रंथांची नोंदवही, वाचकांची हजेरी, लेखापरीक्षण. शिवाय अनुदान वर्षभर रखडले तर दिवा वर्षभर विझून चालत नाही. समाजाची वर्गणी ही अनुदानाला पर्याय नाही. अनुदान मागणाऱ्याच्या पायाखालची ती जमीन आहे.

जमिनीचा उल्लेख झाला म्हणून कागदपत्रांविषयीही लिहितो. आपल्या वस्तीतील भवन कोणाच्या नावावर आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? ग्रामपंचायतीच्या नमुना क्रमांक ८ मध्ये त्याची नोंद आहे काय? जागा गावठाणाची, गायरानाची की कोणा दात्याने तोंडी दिलेली? संस्था नोंदलेली असेल तर दिवंगत विश्वस्तांच्या जागी नव्या विश्वस्तांची नोंद धर्मादाय कार्यालयात झाली काय? या प्रश्नांना कंटाळवाणे समजणे महागात पडते. दादरचे आंबेडकर भवन, जेथे बाबासाहेबांचा बुद्धभूषण छापखाना होता, ते २५ जून २०१६ च्या पहाटे पाडण्यात आले. जागेच्या व विश्वस्तपदाच्या वादाची पार्श्वभूमी त्याला होती. १९ जुलैला मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. त्या वादात कोण बरोबर, हा या लेखाचा विषय नाही. एवढेच म्हणावयाचे की, ज्या वास्तूशी बाबासाहेबांचे नाव जोडलेले होते तीही समाज झोपेत असताना एका पहाटे जमीनदोस्त होऊ शकते, तर आपल्या वस्तीतील भवनाचे कागद आपण आजच पाहिलेले बरे.

आणि हिशेब. वर्गणी बंद पडते ती दारिद्र्यामुळे कमी आणि अविश्वासामुळे अधिक. बँकेत खाते असावे, त्यावर दोघांच्या सह्या असाव्यात, त्यांपैकी एक स्त्री असावी. दर पौर्णिमेला वंदनेनंतर जमाखर्च वाचून दाखवावा आणि त्याची प्रत दारावर लावावी. वस्तीतील महिला बचत गट वर्षानुवर्षे पैशापैशाचा चोख हिशेब ठेवीत आहेत. मग विहाराच्या कार्यकारिणीत त्या केवळ खीर वाटण्यापुरत्या का असाव्यात? भवनाची किल्ली त्यांच्या हाती द्या, कुलूप रोज उघडेल, असा आमचा विश्वास आहे.

भवनात काय चालावे, याची यादी लांबविण्याची गरज नाही. अभ्यासिका व वाचनालय हा पाया. त्यावर महिन्यातून एक चर्चा, वर्षावासातील ग्रंथवाचन, मुलांसाठी गायन व नाट्य. भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक यांच्या परंपरेतील जलसे व गायन पार्ट्या याच वस्त्यांतून उभ्या राहिल्या. तालमीला जागा नसेल तर ती परंपरा केवळ ध्वनिमुद्रणात उरेल. इतिहासाचा अभ्यासक म्हणून आम्ही त्यात एका कामाची भर घालू इच्छितो. वस्तीतील जुन्या पेट्यांमध्ये परिषदांची पत्रके आहेत, वर्गणीच्या पावत्या आहेत, दीक्षेला गेलेल्यांची छायाचित्रे आहेत. नागपूरला पायी, बैलगाडीने, मिळेल त्या रेल्वेने गेलेली पिढी आता जवळजवळ संपली. त्यांच्या आठवणी लिहून घेणे आणि ते कागद एका कोरड्या कपाटात ठेवणे, हे कोणत्याही विद्यापीठाच्या आधी आपल्या भवनाचे काम आहे.

या भवनाचे दार मात्र सर्वांसाठी उघडे असावे. ज्यांना चावडीवर बसू दिले नाही त्यांनी उभारलेल्या वाचनालयात गावातील मातंग, भटके, मराठा, मुस्लिम अशा कोणत्याही घरचा विद्यार्थी येऊन बसला तर तो बाबासाहेबांच्या विचाराचा विजय आहे. फत्तेखानाने दिलेल्या जागेचे ऋण असेच फेडता येते.

शेवटी या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांशी दोन शब्द. आपण येथे ज्या पंक्तीत जेवलो, ज्या दिव्याखाली वाचले, ते कोणाच्या तरी मूठभर धान्यातून आणि महिन्याच्या पावतीतून आले होते. आज आपल्यापैकी कोणी शिक्षक आहे, कोणी बँकेत, कोणी परिचारिका, कोणी परदेशी. शाळेला आपण देणगी देता, ती द्यावीच. त्याबरोबर एक संकल्प करावा : आपल्या मूळ गावच्या भवनासाठी दरमहा एक ठरावीक रक्कम, कितीही लहान असो, न चुकता पाठवावी आणि तिचा हिशेब मागावा. मोठी रक्कम एकदा देऊन आपल्या नावाची पाटी लावण्यापेक्षा लहान रक्कम दरमहा देऊन दिवा चालू ठेवणे अधिक कठीण आणि अधिक उपयोगाचे आहे. पुढील सुट्टीत गावी जाल तेव्हा प्रथम भवनाकडे जा. कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे आहे ते विचारा, आणि कुलूप उघडल्यावाचून परत फिरू नका.

जय भीम!